शिट्टीमागे कोण उभं राहणार?

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने २०१९ साली एक कायदा केला. शाळेच्या किंवा हौशी क्रीडा संस्थांच्या सामन्यात पंचाला मारहाणीची भीती वाटेल असं वागणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याला ५०० डॉलरपर्यंत दंड, ९० दिवसांपर्यंत कैद, शिवाय ४० तासांची समाजसेवा आणि समुपदेशन. बातमीचा मथळा व्हावा असाच हा भाग आहे. पण त्याच कायद्यात आणखी एक गुन्हा घातलेला आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. सामन्याच्या ठिकाणी येऊ नका असं बजावल्यावरही तिथे येणं, किंवा निघून जा म्हटल्यावरही हटून उभं राहणं, हाही तिथे गुन्हा आहे.

मुलांच्या खेळात धुडगूस घालणाऱ्या मोठ्यांना कायद्याने शिक्षा व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रातही व्हावी. मात्र ती शिक्षा तुरुंगाची नको, मैदानबंदीची हवी. आणि ती मागण्याचं ओझं, ज्याने शिव्या खाल्ल्या त्या पंचाच्या डोक्यावर नको. आपल्याकडे घोडं पेंड खातं ते या दुसऱ्या मुद्द्यावर.

आधी हे पाहू की शिव्या कोण खातो. टीव्हीवर दिसणारा, चार कॅमेरे मदतीला असलेला पंच तो हा नव्हे. तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धेत शिट्टी वाजवतात ते शेजारच्या शाळेचे पी.टी.चे सर, नाहीतर बी.पी.एड. करणारा एखादा मुलगा. पुण्या-मुंबईत टर्फवर दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या फुटबॉल लीग चालतात. तिथला रेफरी बऱ्याचदा कॉलेजात शिकत असतो आणि थोड्याशा मानधनासाठी रविवारची सकाळ घालवत असतो. इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालचे पंच इतके असतात, की काही काउंटी फुटबॉल संघटना त्यांच्या दंडाला जांभळी पट्टी बांधायला देतात, समोर उभं आहे तेही मूलच आहे हे पालकांच्या लक्षात यावं म्हणून. या पंचाचे निर्णय चुकतात. वारंवार चुकतात. चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली की नाही, चेंडू मांडीला लागला की हाताला, हे त्याने क्षणार्धात ठरवायचं असतं आणि पुन्हा बघायची सोय नसते. त्याच्या चुकांसकटच मुलांचा खेळ चालतो, कारण त्याच्यावाचून तो चालतच नाही.

आणि तो निघून जातो. अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या क्रीडा महासंघाच्या माहितीनुसार २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात सुमारे ५० हजार पंचांनी काम सोडलं. त्यात कोविडचा काळ आहे, तेव्हा सगळंच पालकांच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. पण कोविडच्याही आधी, २०१७ मध्ये, तिथल्या पंचांच्या राष्ट्रीय संघटनेने १७ हजारांहून अधिक पंचांना विचारलं होतं की खिलाडूवृत्तीला सर्वात जास्त तडा कोण देतं. जवळपास ४० टक्के पंचांनी बोट दाखवलं ते पालकांकडे. प्रशिक्षक त्यानंतर, खेळाडू तर फारच मागे. घामाघूम झालेली मुलं पंचाचा निर्णय गिळून पुढच्या डावाला उभी राहतात आणि सावलीत बसलेल्या त्यांच्या आईबापांना तो गिळवत नाही, असाच याचा अर्थ होतो.

या विषयावर बोलताना दोन घटना हमखास सांगितल्या जातात. जुलै २००० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या रीडिंग गावात मुलांचा आइस हॉकीचा सराव चालू होता. खेळ फार आडदांड होतोय, यावरून दोन वडिलांची जुंपली आणि एकाने दुसऱ्याला इतकं मारलं की त्यात त्याचा जीव गेला. २००२ मध्ये मारणाऱ्याला मनुष्यवधासाठी सहा ते दहा वर्षांची शिक्षा झाली. दुसरी घटना नेदरलँड्समधल्या अल्मेरे शहरातली, डिसेंबर २०१२ मधली. ४१ वर्षांचा एक बाप आपल्या मुलाच्या सामन्यात स्वेच्छेने लाइन्समन म्हणून उभा होता. सामना संपल्यावर पाहुण्या संघातल्या पोरांनी त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. डच फुटबॉल संघटनेने पुढच्या शनिवार-रविवारचे देशभरातले हौशी सामने रद्द केले. २०१३ मध्ये न्यायालयाने सहा किशोरांना आणि त्यांच्यातल्याच एकाच्या पन्नाशीतल्या बापाला दोषी ठरवलं. मुलांना जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद झाली, बापाला सहा वर्षांची. मला या प्रकरणातला तो बाप विसरता येत नाही. मुलांच्या मारामारीत मधे पडून ती सोडवायची ज्याची जागा, तोच मारणाऱ्यांत होता असं न्यायालयाला आढळलं.

तरीही, अशा घटना घडतात म्हणून नवा फौजदारी कायदा हवा, हा युक्तिवाद मला पटत नाही. दोन्ही ठिकाणी जुनाच कायदा लागला आणि तो पुरला. खून, मारहाण, दगडफेक यांना मैदान आहे म्हणून वेगळं कलम लागत नाही. कायदा अपुरा पडतो तो त्याच्या कितीतरी आधी, जेव्हा कुणी मेलेलं नसतं, कुणाचं डोकं फुटलेलं नसतं. पंचाला आईवरून शिवी दिली जाते, ‘बाहेर ये, बघतो तुला’ असं बजावलं जातं, निर्णय विरोधात गेला म्हणून दहाजण आखलेल्या मैदानात घुसतात, समोरच्या संघातल्या बारा वर्षांच्या मुलीच्या रंगावरून, जातीवरून, अंगावरून काहीबाही बोललं जातं. रोजचं आहे हे. याला शिक्षा काय?

कागदावर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ खाली शांतताभंग व्हावा अशा हेतूने केलेला अपमान, कलम ३५१ खाली धमकी, कलम ११५ खाली साधी मारहाण. यांतली पहिली दोन कलमं प्रत्येकी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची, तिसरं एका वर्षापर्यंतच्या कैदेचं. ऐकायला भारदस्त आहेत. पण यातली साधी धमकी, अपमान आणि साधी मारहाण, सगळी अदखलपात्र. पोलीस ठाण्यात गेलात तर ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात, तिची प्रत हातात देतात आणि कोर्टात जा म्हणतात. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. अश्लीलतेचं कलम २९६ दखलपात्र आहे खरं, पण नुसती घाणेरडी शिवी म्हणजे कायद्याच्या भाषेतली अश्लीलता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. म्हणजे तेही दार बंद.

आता त्या पी.टी.च्या सरांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समोरचा पालक संस्थेच्या अध्यक्षांच्या जवळचा आहे, किंवा गावात चार माणसं बाळगून आहे. सरांची एनसी नोंदवायची हिंमत झालीच, तर संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापकांचा फोन येतो: मिटवून टाका, शाळेचं नाव खराब होतं. हे गुन्हे तडजोडीने मिटवता येण्यासारखे आहेतच. कायदाच ती मुभा देतो. मग एक माफीनामा, एक चहा, आणि पुढच्या महिन्यात तोच पालक त्याच खुर्चीत. रेफरी जर एकोणीस वर्षांचा मुलगा असेल तर त्याच्या घरचेच म्हणतात, कशाला नसती भानगड, सोड ते काम. तो सोडतो. हे मी माझ्या ओळखीतल्या खो-खोच्या आणि कबड्डीच्या पंचांकडून इतक्यांदा ऐकलं आहे, की यात आता मला कुठल्या एका माणसाचा दोष दिसत नाही. ज्याला लागलं त्यानेच उठून लढावं, अशी सगळी रचना आहे.

कुणी म्हणेल, मग गुन्हे दखलपात्र करा, अजामीनपात्र करा, शिक्षा वाढवा. हा प्रयोग महाराष्ट्राने केलेला आहे. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी २०१० मध्ये राज्याने खास कायदा आणला: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, नुकसानीची दुप्पट भरपाई, गुन्हा अजामीनपात्र. त्यानंतर रुग्णालयांतली तोडफोड थांबली का? ‘मार्ड’ या संघटनेचे निवासी डॉक्टर त्यानंतरही याच कारणासाठी संपावर गेले आहेत. २०१७ मध्ये पत्रकारांसाठी तसाच कायदा झाला. शिक्षेचा आकडा मोठा केला की आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, पण ज्याला रागाच्या भरात खुर्ची फेकायची आहे तो कलम वाचून फेकत नाही. आणि मुलांच्या सामन्यात तर मोठी शिक्षा उलट काम करेल. एका शिवीसाठी कुणाच्या बापाला अटक होणार असेल, तर आयोजक, शाळा, पोलीस आणि खुद्द पंचही डोळेझाक करतील. तेरा वर्षांच्या पोराच्या देखत त्याच्या बापाला पोलिसांच्या गाडीत बसवावं, असं कुणालाच वाटत नाही. मलाही नाही.

न्यू जर्सीने २००२ मध्ये धरलेली वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. तिथल्या कायद्याने शाळांना आणि मुलांच्या क्रीडा संस्थांना वर्तणुकीची आचारसंहिता करायचा अधिकार दिला. ती मोडणाऱ्या पालकाला किंवा प्रेक्षकाला संस्था सामन्यांना येण्यापासून रोखू शकते, आणि परत यायचं असेल तर त्याने अर्ज करायचा, राग आवरण्याचं समुपदेशन पूर्ण केल्याचा पुरावा द्यायचा. (सोळा वर्षांखालच्या मुलांसमोर मुलांच्या सामन्यात केलेली मारहाण तिथे अधिक गंभीर गुन्हा धरली जाते; ती तरतूदही मला रास्त वाटते.) याच राज्यातल्या डेप्टफर्डच्या बेसबॉल लीगने २०२३ मध्ये एक नियम केला. पंचाशी गैरवर्तन करणाऱ्या पालकाला पुन्हा प्रेक्षकांत बसायचं असेल, तर आधी त्याने स्वतः तीन सामन्यांत पंचगिरी करायची. जगभर याची बातमी झाली. मला तो नियम फार आवडतो. उन्हात उभं राहून दोन्हीकडच्या पालकांचं ऐकून घेतल्यावर माणसाला जे कळतं ते कोणतंही न्यायालय शिकवू शकत नाही.

या नियमांत पंचाला फिर्यादी व्हावं लागत नाही. तो फक्त सामना थांबवतो आणि अहवाल लिहितो. पुढचं काम संस्थेचं. आपल्याकडे अगदी असंच हवं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीनंतर मल्लाने पंचाला लाथ मारल्याचं सगळ्या राज्याने पाहिलं. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. ती घालता आली, कारण मल्ल संघटनेच्या नोंदीत असतो, त्याचं भवितव्य तिच्या हातात असतं. पण गॅलरीत बसलेला माणूस कुणाच्याच नोंदीत नसतो. कोल्हापुरात पेठांमधली चुरस वाढून फुटबॉलचे सामने हुल्लडबाजीमुळे थांबवावे लागले आहेत. तिथेही संघटना खेळाडूवर, फार तर संघावर कारवाई करू शकते. प्रेक्षकापर्यंत तिचा हात पोचत नाही.

म्हणूनच निव्वळ नियम पुरणार नाहीत, कायदा लागेलच. शाळेचं आवार असेल तर मुख्याध्यापक माणसाला बाहेर काढू शकतात, नाही गेला तर फौजदारी अतिक्रमणाचं कलम आहे. पण आपल्या मुलांचे अर्धेअधिक सामने होतात ते आझाद मैदान, शिवाजी पार्क, ग्रामपंचायतीचं पटांगण अशा सगळ्यांच्या जागांवर. तिथे स्पर्धेच्या आयोजकाने एखाद्याला ‘इथून जा’ म्हणायचं तर कोणत्या अधिकाराने? समोरचा सरळ विचारतो, मैदान तुझ्या बापाचं आहे का? आणि कायद्याने त्याचं बरोबर असतं. नोंदणीकृत मुलांच्या सामन्याच्या वेळेपुरता आणि आखलेल्या जागेपुरता हा अधिकार आयोजकाला मिळाला पाहिजे, आणि लेखी मनाई मोडणं हा दखलपात्र पण किरकोळ गुन्हा असला पाहिजे. शिवी दिली की नाही, काय शब्द होते, हेतू काय होता, हे कोर्टात सिद्ध करत बसणं अवघड. मनाई असताना माणूस मैदानावर होता की नव्हता, हे सिद्ध करायला एक फोटो पुरतो. इंग्लंडने व्यावसायिक फुटबॉलच्या हुल्लडबाजांसाठी १९८९ च्या कायद्यापासून हाच मार्ग घेतला: दोषी ठरलेल्याला काही वर्षं सामन्यांना बंदी, आणि बंदी मोडली तर कैद. मुलांच्या गल्लीतल्या सामन्यांना तो कायदा लागू नाही, आणि तिथल्यासारखी तीन ते दहा वर्षांची बंदी इथे कुणी मागतही नाही. एक हंगाम पुरे.

यावरचा एक आक्षेप मात्र मला खरोखर अस्वस्थ करतो. बंदी घालायचा अधिकार दिला की तो कुणावर चालेल? अकादमीची दोन-तीन हजारांची फी भरणाऱ्या, गाडीतून उतरणाऱ्या पालकावर, की वस्तीतून आलेल्या, मोठ्या आवाजात बोलणाऱ्या बापावर? कायद्याचा दंडुका आधी कुणाच्या पाठीत बसतो हे आपल्याला माहीत आहे. शिवाय स्पर्धेचे आयोजक पुष्कळदा स्थानिक पुढारीच असतात. विरोधी गावच्या लोकांना हुसकावायला त्यांना आयतं हत्यार मिळेल. ही भीती खोटी नाही. म्हणून गुन्ह्याची व्याख्या अरुंद पाहिजे. ओरडणं, घोषणा, शिट्ट्या, ढोल, पंचाच्या निर्णयावर ‘चूक, चूक’ म्हणून कल्ला करणं, यांतलं काहीही गुन्हा नव्हे. कबड्डीचं मैदान गप्प बसलं तर तिथे खेळायला कोण उभं राहील? बंदी हवी ती चारच गोष्टींसाठी: धमकी, मुलाच्या किंवा पंचाच्या जातीवर, धर्मावर, शरीरावर घाण बोलणं, सामना चालू असताना आखलेल्या रेषेच्या आत येणं, आणि कुणाच्याही अंगाला हात लावणं. निर्णय एकट्या आयोजकाचा नको. सामन्यापुरतं बाहेर काढणं त्याच्या हाती ठेवा, पण हंगामाची बंदी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याने, त्या माणसाचं ऐकून, कारणं लिहून द्यावी, आणि तिच्यावर अपील असावं. एवढं केल्यावरही पक्षपात होईल, मला मान्य आहे. पण आज जे चालतं त्यात ज्याच्यामागे माणसं जास्त तोच जिंकतो, आणि त्याची तर कुठे नोंदही होत नाही.

एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. पालकाच्या वागण्यासाठी संघाचे गुण कापायचे, सामना समोरच्याला बहाल करायचा, मुलालाच संघातून काढायचं, असे नियम काही ठिकाणी केले जातात. सोपे असतात, परिणामही लगेच दिसतो. पण बाप ओरडला म्हणून ज्याच्या संघाची उपांत्य फेरी गेली, त्या मुलाला वर्गातले सोबती पुढची दोन वर्षं काय म्हणतील? घरी जाऊन त्याच बापासमोर बसायचंय त्याला. दंड मोठ्याचा, तो मोठ्यानेच भरावा. बंदी आलेल्या पालकाला मुलाला मैदानाच्या फाटकापर्यंत सोडता आलं पाहिजे, न्यायला येता आलं पाहिजे. त्याच्यामुळे मुलाचा खेळ सुटता कामा नये.

आणि यात शासनाला हात झटकता येणार नाहीत, कारण पालकांची ही तगमग काही अंशी शासनानेच वाढवली आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हे सगळं योग्य आहे, ते असलंच पाहिजे. कितीतरी खेडेगावातली मुलं त्याच्या आधाराने उभी राहिली. पण त्यामुळे चौदा वर्षांखालच्या सामन्यातली हारजीतसुद्धा काही घरांत नोकरीच्या रांगेतली जागा होऊन बसते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आणि वयाचे खोटे दाखले महाराष्ट्राने याच कारणाने पाहिले. ज्या शिट्टीवर एवढं अवलंबून ठेवलं, ती वाजवणाऱ्याला मात्र आपण थोडंसं मानधन देऊन गर्दीसमोर एकटं सोडतो. ज्याने पणाला लावायची वस्तू मोठी केली, त्यानेच निकाल देणाऱ्याला संरक्षण द्यायला हवं.

विधिमंडळात दुरुस्ती व्हायला वेळ लागेल. त्याआधी करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय दरवर्षी घेतं आणि त्यासाठी प्रत्येक शाळा प्रवेश अर्ज भरते. त्या अर्जासोबत पालकाची सही असलेलं एक पान जोडता येईल, ज्यात वरच्या चार गोष्टी आणि त्यांचा परिणाम साध्या मराठीत लिहिलेला असेल. प्रत्येक सामन्याला पंच नसलेला, संघांशी संबंध नसलेला एक माणूस मैदान-निरीक्षक म्हणून नेमता येईल, ज्याचं काम फक्त रेषेबाहेर पाहण्याचं. गैरप्रकार झाला की अहवाल त्याने लिहायचा, आणि पोलिसांत जायची वेळ आली तर फिर्याद संचालनालयाच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने द्यायची. पंच फक्त साक्षीदार. फिर्याद मागे घ्यायची की नाही, हेही मग त्या अधिकाऱ्याला लेखी कारणासह ठरवावं लागेल. मुख्याध्यापकांच्या एका फोनवर प्रकरण इतक्या सहज मिटणार नाही. यासाठी शासन निर्णय पुरेसा आहे, आणि तो पुढच्या हंगामाचे अर्ज निघायच्या आत निघू शकतो.